हजार वॅटचा जांभळा दिवा आणि वीतभर उंची

गच्चीवरच्या बागेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच राहतो: "घरात ऊन येत नाही? काळजी नको. १००० वॅटचा जांभळा एलईडी ग्रो लाइट आणा, कुंड्यांच्या वर वीतभर अंतरावर टांगा आणि चोवीस तास चालू ठेवा. साधा पांढरा दिवा झाडाला निरुपयोगी, कारण हिरवा रंग पान परत फेकतं. एलईडी असल्याने वीजबिल नगण्य." खाली गुलाबी उजेडातल्या लेट्यूसचा फोटो.

दिव्याखाली भाजी येते, याबद्दल वाद नाही. पण या संदेशाप्रमाणे दिवा घेतला आणि टांगला, तर पैसे जातात आणि रोपंही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"१००० वॅटचा दिवा" आणि "बिल नगण्य" ही दोन वाक्यं एकाच संदेशात नांदूच शकत नाहीत. १००० वॅटचा दिवा चोवीस तास चालला, तर रोज २४ युनिट आणि महिन्याला ७२० युनिट होतात. हिशेबापुरता युनिटचा दर १० रुपये धरा: ७,२०० रुपये. शिवाय एवढ्या वापराने घराचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार ते वेगळंच. तेव्हा दोहोंपैकी एक विधान खोटं आहे, आणि बहुतेक वेळा ते पहिलंच असतं. खोक्यावरचे १००० वॅट म्हणजे आत बसवलेल्या चिपांची संख्या गुणिले प्रत्येक चिपची कागदावरची कमाल क्षमता. १० वॅटची म्हणवणारी चिप प्रत्यक्षात एखाद-दोन वॅटवर चालवतात, कारण त्याहून जास्त दिलं तर ती तापून जळेल. काही विक्रेते '१००० वॅटच्या जुन्या दिव्याइतका' या अर्थाने तो आकडा छापतात आणि 'इतका' हा शब्द बारीक अक्षरांत ठेवतात. प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर मिळतं. त्यावर असला दिवा १०० ते २०० वॅट दाखवतो. खोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रत्यक्ष वीजवापर' दिला असेल, तर तोच आकडा खरा धरावा.

पण खरे वॅट कळले तरी प्रश्न अर्धाच सुटतो. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. रोपाला मतलब आहे तो पानावर किती प्रकाशकण पडतात याच्याशी. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातले हे कण मायक्रोमोलमध्ये मोजतात: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती. भर दुपारचं उघडं ऊन सुमारे २००० मायक्रोमोल असतं. दिवाणखान्यात रात्री दिवे लावल्यावर साधारण ३०० लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असतो, तो या मापात जेमतेम ४ किंवा ५ भरतो. आपले डोळे कमी उजेडालाही सरावतात, त्यामुळे 'खोलीत भरपूर उजेड आहे' हे आपलं मत रोपाच्या उपयोगाचं नाही.

म्हणून दिवा घेताना विचारायचं ते हे: एका वॅटमागे, म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल विजेमागे, किती मायक्रोमोल? आजचे चांगले एलईडी पॅनल २.५ किंवा त्याहून जास्त देतात, स्वस्त जांभळे बरेचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळतात, आणि सीएफएल एकच्याही खाली. विक्रेत्याला हा आकडा ठाऊकच नसेल, तर तो दिवा सोडून द्यावा, असं माझं सरळ मत आहे.

एक उदाहरण घेऊ. २ फूट बाय २ फूट ट्रे म्हणजे सुमारे ०.३७ चौरस मीटर. लेट्यूस, पालक, कोथिंबीर अशा पानांच्या पिकांना दिवसभरात दर चौरस मीटरला १२ ते १७ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश पुरतो. पानांवर ३०० मायक्रोमोल पडत असतील आणि दिवा १४ तास चालला, तर १५ मोल होतात. तेवढ्यासाठी ट्रेवर दर सेकंदाला ११० मायक्रोमोल पडायला हवेत. इकडेतिकडे सांडणारा प्रकाश धरूनही चांगला, खऱ्या ५० ते ६० वॅटचा दिवा त्याला बास. महिन्याला २३-२४ युनिट. टोमॅटो-मिरचीला २० ते ३० मोल लागतात, म्हणजे त्याच ट्रेवर दिवा साधारण दुपटीने मोठा. १००० वॅट कुठेही येत नाहीत.

आता "हिरवा प्रकाश वाया जातो, म्हणून जांभळाच हवा". हा समज शाळेच्या पुस्तकातून आलेला आहे, त्यामुळे तो हटत नाही. हरितद्रव्य पानातून काढून द्रावणात घेतलं की ते निळा आणि लाल प्रकाश शोषतं, आणि आलेखात मधला हिरवा भाग खोल दरीसारखा दिसतो. पण अख्खं पान म्हणजे परीक्षानळीतलं द्रावण नव्हे. पानाच्या आत प्रकाश पेशीपेशींवर आपटत फिरतो आणि पहिल्या फेरीत सुटलेला हिरवा कण पुढच्या फेऱ्यांत पकडला जातो. हिरव्यातला तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग पान शोषून घेतं. उरलेला परत येतो, तेवढ्यानेच पान आपल्याला हिरवं दिसतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा परिणाम मोजून १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लाल सर्वांत पुढे होता, हे खरं. पण हिरवा शून्यावर नव्हता. तो निळ्याच्या तोडीस तोड होता. वरच्या पानांनी निळा आणि लाल प्रकाश अडवल्यावर खालच्या पानांपर्यंत पोचतो तोही मुख्यतः हिरवाच.

आणि 'साधा पांढरा' एलईडी म्हणजे तरी काय? निळ्या एलईडीवर फॉस्फरचा थर. निळ्याचा काही भाग तसाच बाहेर येतो, उरलेल्याचा हिरवा-पिवळा-लाल होतो. म्हणजे त्यात निळा आहे, लालही आहे. थोडी जास्त लाल भर हवी असेल, तर पांढऱ्यासोबत ६६० नॅनोमीटरच्या काही लाल चिपा असलेलं पॅनल घ्यावं. लाल चिप तेवढ्याच विजेत जास्त प्रकाशकण देते, हा जांभळ्यावाल्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मान्य करायला हवा. निव्वळ लाल-निळ्यावरही रोपं वाढतात. चूक आहे ती फक्त 'पांढरा निरुपयोगी' या वाक्यात.

फोटोतल्या लेट्यूसच्या गुलाबी उजेडाबद्दल: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०१४ मध्ये पोचलेल्या 'व्हेजी' या भाजी वाढवायच्या पेटीत लाल आणि निळ्यासोबत हिरवे एलईडीही आहेत. निव्वळ लाल-निळ्यात भाजी खाण्याजोगी दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण. घरातल्या माणसालाही हाच त्रास होतो. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडतंय की नाही ते कळत नाही, मावा ही कीड दिसत नाही, आणि बैठकीची खोली कायम डिस्को बारसारखी दिसते.

सोडियम दिव्यांचाही प्रचार अधूनमधून होतो. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पांढरे एलईडी बसले तेव्हा ज्यांच्यासाठी मुंबईकर हळहळले, ते पिवळे दिवे याच जातीचे. नेदरलँड्सच्या काचगृहांत ते अनेक वर्षं वापरले गेले, पण तिथे हिवाळ्यात त्यांची उष्णताही कामाला येते. आपल्या फ्लॅटमध्ये ६०० वॅटचा सोडियम आणि त्याचा वेगळा चोक म्हणजे मे महिन्यात लावलेला हीटर. एलईडीबद्दलही गैरसमज नको: तो गार दिसला तरी त्याने खाल्लेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता होऊनच राहतो.

"वीतभर अंतरावर टांगा." इथे सर्वांत जास्त रोपं मरतात. अंतर ठरतं ते दिव्याच्या ताकदीवर, आकारावर आणि पिकावर, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा देताच येत नाही. एकाच बिंदूतून झगझगणारा गोल दिवा असेल, तर ३० सेंटिमीटरवरून ६० वर नेल्यावर बरोबर खालच्या पानाला चौथा हिस्सा प्रकाश मिळतो. लांब पट्ट्यांचा किंवा रुंद पॅनलचा दिवा जवळ असताना हा नियम पाळत नाही. तिथे उतार बराच सौम्य असतो. खरा १०० वॅटचा दिवा वीतभरावर आणला की मधल्या दोन रोपांवर १००० मायक्रोमोलच्या पुढे प्रकाश जातो आणि कोपऱ्यातली उपाशी राहतात. मधल्यांची शेंड्याची पानं फिकट, पांढुरकी पडतात, कडा वर वळतात. लोक मग 'खत कमी पडलं' म्हणून खत टाकतात. कोपऱ्यातली काटकुळी होऊन मधल्या बाजूला झुकतात.

माझी पद्धत अशी. दिव्याची लांबी-रुंदी ट्रेच्या जवळपास असावी. चौकोनी ट्रेवर एका गोल दिव्यापेक्षा दोन पट्ट्या बऱ्या. सुरुवातीला ४५ ते ६० सेंटिमीटरवर टांगावा, दोऱ्या वरखाली करता येतील अशा. मग मोबाइलमधल्या लक्स अ‍ॅपने पानांच्या उंचीवर मधे आणि चारही कोपऱ्यांत मोजावं. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७०ने भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो: ३०० हवे असतील, तर सुमारे २१,००० लक्स. फोनचा आकडा अचूक नसतो, पण कोपऱ्यात मधल्याच्या निम्माच प्रकाश आहे हे तो नक्की सांगतो. जांभळ्या दिव्याखाली मात्र ही युक्ती चालत नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याप्रमाणे बेतलेलं आहे आणि आपल्या डोळ्याला लाल-निळा फारच कमी दिसतो. कोपरे कमी पडत असतील, तर दिवा थोडा वर घ्यावा आणि बाजूंना पांढरे पुठ्ठे किंवा थर्माकोल उभे करावेत. नवी उगवलेली रोपं असतील, तर डिमर निम्म्यावर आणावा. डिमर असूनही दिवा छताला नेऊन टांगणं म्हणजे पैसे देऊन भिंत उजळणं.

"चोवीस तास चालू." हे बहुधा रात्री दिव्यांनी उजळलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या शेतांचे व्हिडिओ बघून सुचलं असावं. व्हिएतनाममध्ये बिन्ह थुआन भागातल्या बागांत हे जुनं तंत्र आहे. पण तिथे दिवे फळ वाढवायला प्रकाश पुरवत नाहीत. ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसांत फुलतं, म्हणून लहान दिवसांच्या हंगामात रात्र तोडून त्याला दिवस मोठा असल्याचं भासवतात. शेवंतीत नेमकं उलट: ती लहान दिवसांत फुलते, म्हणून फुलं लांबवायला रात्री दिवे लावतात. दोन्हीकडे प्रकाश अगदी मंद पुरतो.

हेच ज्ञान घरातल्या ट्रेला लावलं तर कळतं की चोवीस तासांचा दिवस पालकाला आणि कोथिंबिरीला फुलावर यायचा इशाराच आहे. पालक मोठ्या दिवसात दांडा काढतो आणि पानं संपतात. कोथिंबीर उकाड्यात तर आणखी लवकर. टोमॅटोला अखंड उजेड दिला की पानं पिवळी पडून खराब होतात, हे जुनं निरीक्षण आहे. पालक-कोथिंबिरीला १२ ते १४ तास, लेट्यूसला १६ चालतील. त्यासाठी साधा टायमर घ्यावा, आणि तो ड्रायव्हरसकट (दिव्याला वीज पुरवणारी डबी) पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीला लावावा. वायर प्लगच्या खाली थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळतं.