इज की आर?

ऑफिसातला मेल लिहिताना बोटं थबकतात ती नेमकी एकाच जागी. 'द लिस्ट ऑफ पेंडिंग बिल्स' इथपर्यंत सगळं सुसाट येतं आणि पुढे इज टाकू की आर, यावर घोडं पेंड खातं. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' हा वाक्प्रयोग आपल्याकडे इतका का फोफावला, याचं माझं उत्तर तयार आहे: आज्ञार्थात इज-आरची भानगडच नसते.

बरं, हे हाल कुणाचे? तर 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं' हे शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक बोलणाऱ्यांचे! आपलं क्रियापद कर्त्याला सोडून खुशाल कर्माच्या मागे जातं आणि 'रामाने रावणाला मारलं' म्हणताना तर दोघांनाही ओळख देत नाही. ते सगळं आपण झोपेतही सांभाळतो. इंग्रजीत सांभाळायचा असतो वर्तमानकाळातला एक एस, शिवाय इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव या जोड्या. तिथे पाय घसरतो.

कारण नियम अवघड नाही, कर्ता सापडणं अवघड आहे. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड अ‍ॅट दीज स्टॉल्स' यात कर्ता आहे एकटी क्वालिटी. पण क्रियापदाला खेटून उभे आहेत स्टॉल्स, त्यामुळे हात आपोआप आर लिहितो. यावर उपाय पेन्सिलीचा. ऑफ, इन, अ‍ॅट, विथ यांनी सुरू होणारा तुकडा खोडायचा; उरतं 'द क्वालिटी इज'. 'अलाँग विथ' आणि 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' यांनाही तीच पेन्सिल. 'द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स, इज कमिंग': असिस्टंट तीन असोत की तीस, ते वऱ्हाडी, क्रियापद नवरदेवाचं.

'अँड' मात्र खरोखर बेरीज करतो, म्हणून आर. तरी सोसायटीची नोटीस लिहिताना जपून. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज' म्हणजे दोन्ही पदं एकाच बिचाऱ्याच्या गळ्यात. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर आर' म्हणजे माणसं दोन. एका 'द'वर कार्यकारिणीचं संख्याबळ ठरतं!

आता पेन्सिल कुठे दगा देते ते पाहा. 'द नंबर ऑफ फ्लॅट्स इज ट्वेंटी', पण 'अ नंबर ऑफ फ्लॅट्स आर व्हेकंट'. पहिल्यात आकडा हाच कर्ता, दुसऱ्यात 'अ नंबर ऑफ' म्हणजे नुसतं 'बरेच'. हाफ, मोस्ट, अ लॉट, टक्केवारी यांच्यापुढचं ऑफही खोडू नका, कारण निकाल तिथेच लागतो: 'हाफ ऑफ द वॉटर इज', 'हाफ ऑफ द टँक्स आर'. 'वन ऑफ द लिफ्ट्स इज' हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. मग परीक्षावाले टाकतात 'शी इज वन ऑफ द मेंबर्स हू पे ऑन टाइम'. इथे पेज नाही, पे. कारण हू हे मेंबर्सबद्दल आहे, वेळेवर भरणारे ते सगळेच. 'द ओन्ली वन' म्हटलं की लगेच पेज, कारण भरणारी ती एकटीच. सोसायटीचा अनुभव पाहता दुसरं वाक्य जास्त उपयोगी पडेल.

'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर' यांचा न्याय शेजारधर्माचा: जवळचा कर्ता जिंकतो. 'नायदर द चेअरमन नॉर द मेंबर्स आर', उलटं केलं की 'नॉर द चेअरमन इज'. या नियमाने 'आयदर यू ऑर आय अ‍ॅम राँग' शुद्ध ठरतं, पण कानाला इतकं खटकतं की वाक्यच मोडून लिहिलेलं बरं. 'मोर दॅन वन मेंबर इज' यात तर उघड उघड एकापेक्षा जास्त माणसं असून क्रियापद एकवचनी, का तर मेंबर एकवचनी दिसतो. तर्क शोधू नये. पाठ करावं.

समूहवाचक नामांवर खुद्द इंग्रजीवाल्यांचंच एकमत नाही. ब्रिटिश समालोचक 'इंग्लंड आर बॅटिंग' म्हणणार, अमेरिकन माणूस संघाला सहसा इज लावणार. त्याच अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या 1865 सालच्या तेराव्या दुरुस्तीत युनायटेड स्टेट्ससाठी 'देअर' हे अनेकवचनी सर्वनाम आहे. आज तोच देश निमूटपणे इज घेतो.

आणि एक चूक खास आपली: 'सर हॅव कम'. 'साहेब आले आहेत' डोक्यात इतकं मुरलेलं असतं की साहेबांना हॅज लावताना जीभ कचरते. खुशाल लावा. इंग्रजीत साहेब आणि साहेबांचं मांजर दोघांनाही हॅज. तिथला आदर सगळा यू-आरमध्ये संपून गेला. यू मुळात अनेकवचनी, मग एकट्या माणसालाही मानाने लागू लागला. अठराव्या शतकात लोक एकाला सर्रास 'यू वॉज' म्हणत होते, तर्काला धरूनच. रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने 1762 सालच्या आपल्या व्याकरणात त्यावर काट मारली. तेव्हापासून शुद्ध इंग्रजी बोलायचं तर सोफ्यावर चढलेल्या त्या मांजरालाही 'यू आर', म्हणजे 'आपण आहात'.