वेळेच्या आधी ‘पहाटे’, ‘दुपारी’, ‘रात्री’ लिहा

कोकणात होमस्टेसाठी, फेरीबोटीसाठी, गावच्या एसटीच्या वेळांसाठी मोबाइल ॲप बनवणाऱ्या सगळ्या पोरांना कळकळीची विनंती. वेळ दाखवताना नुसतं ‘४:३०’ किंवा ‘१२:०५ एएम’ टाकून मोकळे होऊ नका.

तुतारी एक्सप्रेसचंच घ्या. दादरहून ती ००:०५ ला सुटते. रेल्वेचं घड्याळ २४ तासांचं, त्यामुळे तिथे घोळ होतो तो तारखेचा. १४ तारखेचं तिकीट असलेला चाकरमानी १४ च्या रात्री जेवूनखाऊन स्टेशनवर आला, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली. त्यात ॲपने ‘१२:०५ एएम’ दाखवलं की आणखी भर, कारण ११ एएमच्या पुढे १२ पीएम येतं हे भल्याभल्यांच्या पटकन लक्षात येत नाही. ‘१३ च्या रात्री १२:०५, तिकिटावर तारीख १४’ एवढी एक ओळ लिहा. गणपतीत कुणाची तरी गाडी त्या ओळीमुळे चुकणार नाही.

भरतीच्या वेळांची तर मला खरीच काळजी वाटते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे एक पहाटे ४:१० ला, तर पुढची दुपारी ४:३५ च्या सुमारास. आपली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला ३ वाजता पूर्ण भरती. हिशोब ढोबळ, पण रात्रीचे ३ की दुपारचे हे विचारावं लागत नाही, पाणी दोन्ही वेळा चढतंच. ॲपवर मात्र ‘४:१०’ आणि ‘४:३५’ एकाखाली एक आले, की घाटावरून आलेल्या पाहुण्याला ती एकाच भरतीची सुरुवात आणि शेवट वाटते. पंचवीस मिनिटांत पाणी उतरायला लागेल म्हणून तो मुलांना घेऊन खडकावर थांबला तर?

कोडमध्ये हे अवघड नाही. वेळ कशी दिसावी ते सांगणाऱ्या फॉरमॅटमध्ये कॅपिटल एच म्हणजे ० ते २३ तास, स्मॉल एच म्हणजे १ ते १२. स्मॉल एच लिहून पुढचा एएम-पीएम दाखवणारा ‘ए’ राहिला, की सकाळ-दुपार गेलीच. सकाळी तपासणी केली तर ही चूक दिसतसुद्धा नाही, म्हणून दुपारची, रात्री १२ ची आणि दुपारी १२ ची वेळ मुद्दाम घालून बघा. साठवताना २४ तासांचीच वेळ साठवा. दाखवताना फोनची सेटिंग विचारा, अँड्रॉइडमध्ये त्याची सोय आहे. युनिकोडच्या सीएलडीआरमध्ये, म्हणजे कुठल्या भाषेत तारीख-वेळ कशी लिहायची याच्या साठ्यात, मराठीसाठी दिवसाचे भाग दिलेलेच आहेत, ते फॉरमॅटमध्ये कॅपिटल बी या अक्षराने मिळतात. जुन्या फोनवर नाही चाललं, तर तासावरून शब्द निवडणारं छोटं फंक्शन आपणच लिहावं.

जागा कमी पडते म्हणणाऱ्यांनी सरळ १६:३५ लिहावं, ते मला चालेल. आणि पहाट ३ ला सुरू करायची की ४ ला, हे ठरवायच्या आधी बंदरावर होडी काढणाऱ्यांना विचारून या.