ढालीसारखी नव्हे, चेंडूसारखी

माझ्या भाचीने शाळेतील वक्तृत्व स्पर्धेसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला नसता, तर त्याची दखल घेण्याचे मला कारण नव्हते. त्यात ठासून सांगितले आहे की, इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत ख्रिस्ती धर्मगुरूंनी पृथ्वी सपाट असल्याचे शिकवले, सृष्टी सैतानाची ठरवली आणि ग्रहणात आरडाओरडा करून चंद्राला वाचवण्याची प्रथा पाडली.

यांतला पहिला दावा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ आहे. ईशान्य इंग्लंडमधील जॅरोच्या मठातील बीड या भिक्षूने 725 साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला. दिवस लहानमोठे का होतात, याचे कारण तो पृथ्वीच्या गोल आकारात शोधतो आणि ती ढालीसारखी नव्हे, तर चेंडूसारखी सर्व बाजूंनी गोल आहे, असे मुद्दाम बजावतो. भरती-ओहोटीचा संबंध तो चंद्राशी जोडतो. एकाच किनाऱ्यावर निरनिराळ्या ठिकाणी भरतीची वेळ निरनिराळी असते, हेही नोंदवतो. हा ग्रंथ कोणी चोरून वाचत नव्हते; ईस्टरची तारीख काढण्यासाठी मठामठांतून त्याच्या नकला होत होत्या.

संदेशकर्त्याचा साक्षीदार कोण, तर सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस. त्याने विश्व पेटीच्या आकाराचे आणि पृथ्वी तिचा सपाट तळ मानली, हे खरे. (बहुधा आपल्या कल्याणलाच बिशप असल्याची नोंदही त्याचीच.) परंतु त्याचा ग्रंथ ग्रीकमध्ये होता, लॅटिन वापरणाऱ्या पश्चिम युरोपात तो जवळपास कोणी वाचला नाही, आणि त्याच शहरातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ जॉन फिलोपोनस याने अशा मतांचा समाचार घेतला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पृथ्वीच्या खालच्या बाजूला दुसरे जग व दुसरी माणसे असल्याचे व्हर्जिल नावाचा आयरिश धर्मगुरू शिकवतो, अशी तक्रार आली तेव्हा, 748 च्या सुमारास, पोप झकारियस संतापला होता. तरीही हाच व्हर्जिल पुढे साल्झबर्गचा बिशप झाला.

सैतानाच्या सृष्टीविषयी फार लिहायला नको. जडसृष्टी दुष्ट असल्याचे मत मानीपंथीयांचे, म्हणजे इराणी धर्मसंस्थापक मानी याच्या अनुयायांचे, होते आणि स्वतः एकेकाळी त्या पंथात असलेल्या ऑगस्टिन या ख्रिस्ती बिशपने ते खोडण्यात कित्येक वर्षे घालवली.

ग्रहणाचा दावा तर चक्क उलटा आहे. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरल्याने ग्रहण लागते, हे सेव्हिलचा बिशप इसिडोर सातव्या शतकातच लिहून गेला होता. नवव्या शतकात ह्राबानुस माउरुस या जर्मन धर्मगुरूने आपल्या प्रवचनात शिंगे फुंकणाऱ्या, डुकरांसारखे गुरगुरणाऱ्या आणि चंद्राच्या मदतीसाठी आकाशात बाण सोडणाऱ्या लोकांची खरडपट्टी काढली. हा गोंगाट त्यांना धर्मगुरूंनी शिकवला नव्हता; तो बंद करा, असे एक धर्मगुरूच त्यांना सांगत होता.