मासान नकाशावरून गेलं, लोकांच्या डोक्यातून नाही

शहरांच्या विलीनीकरणाचे गोडवे गाणारं कुणी भेटलं की मी त्याला दक्षिण कोरियातल्या चांगवॉनची गोष्ट ऐकवतो. आपल्या रांजणगावात ज्या एलजीचा कारखाना आहे, तिचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना तिथे आहे. पण मला रस आहे तो त्या शहराच्या दप्तरात.

१ जुलै २०१० रोजी चांगवॉन, मासान आणि जिन्हे ही तीन शहरं एक झाली आणि नाव ठरलं चांगवॉन. तसं पाहिलं तर 'चांगवॉन' हे नावच मुळी विलीनीकरणातून जन्मलेलं. १२७४ आणि १२८१ साली मंगोलांच्या आणि कोर्यो या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या फौजा जपानवर निघाल्या त्या हाप्पो बंदरातून, म्हणजे आजच्या मासानमधून. स्वाऱ्या फसल्या, पण या मुलखाने रसद पुरवली होती. त्याची बक्षिसी म्हणून १२८२ मध्ये हाप्पोचं हेवॉन झालं आणि शेजारच्या उइआनचं उईचांग. १४०८ मध्ये जोसन राजवटीने दोन्ही जोडली. एकाचा 'चांग' घेतला, दुसऱ्याचा 'वॉन'. तेव्हा रयतेला विचारायचा प्रश्नच नव्हता.

खरी गंमत विसाव्या शतकातली. १८९९ मध्ये मासान बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि गावाचं वजन वाढलं. १९१० मध्ये कोरिया ताब्यात घेतलेल्या जपान्यांनी अख्ख्या चांगवॉनचंच नाव मासान केलं. चारच वर्षांनी बंदराचा भाग तेवढा मासान ठेवला आणि उरलेल्या खेड्यांना पुन्हा चांगवॉन म्हणू लागले. १९७३ मध्ये त्यातली काही खेडी मासान शहरात घातली. पुढच्या वर्षी तिथे औद्योगिक वसाहत आली, कॅनबेराच्या धर्तीवर सरळ रुंद रस्ते आखले गेले, आणि १९८० मध्ये तो भाग तोडून 'चांगवॉन शहर' झालं. १९८३ मध्ये प्रांताचं मुख्यालयही बुसान सोडून तिथेच आलं. म्हणजे मासानच्या मांडीवर वाढलेल्या लेकीने तीस वर्षांत आईचंच घर आपल्या नावावर करून घेतलं!

आणि मासान म्हणजे काही ऐरंगैरं गाव नव्हे. मार्च १९६० मध्ये निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्ध इथले लोक रस्त्यावर उतरले. ११ एप्रिलला किम जू-युल या शाळकरी मुलाचं प्रेत बंदरात तरंगताना सापडलं, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं. त्यातून देश पेटला आणि अध्यक्ष सिंगमन री यांना पायउतार व्हावं लागलं. १९७९ मध्ये अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या विरोधातही बुसानबरोबर मासान उठलं होतं. अशा गावाचं नाव शहरांच्या यादीतून काढायचं, तर निदान गावाला विचारायला हवं होतं.

विचारलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये तिन्ही नगरपरिषदांनी ठराव केले, जनमत घेतलंच नाही. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. नव्या शहराचे पाच वॉर्ड पाडले तेव्हा उईचांग, हेवॉन, हाप्पो ही सगळी जुनी नावं पुन्हा वापरात आणली. मासानची दोन वॉर्डांच्या नावात बोळवण झाली, एक मासान-हाप्पो, दुसरा मासान-हेवॉन. नावं वाटून झाली, पण नव्या शहराचं मुख्यालय? ते जुन्या चांगवॉनच्या इमारतीत 'तात्पुरतं' सुरू झालं आणि २०१३ मध्ये तिथेच कायम झालं. तेव्हा नगरपरिषदेतल्या मासानच्या सदस्यांनी सरळ वेगळं होण्याचा विषय काढला.

मग बेसबॉलचं नवं मैदान. आधी ते जिन्हेला जाहीर केलं, पुढे मासानकडे वळवलं. सप्टेंबर २०१४ मध्ये जिन्हेच्या एका सदस्याने भर सभेत महापौरांना अंडी मारली. मैदान २०१९ मध्ये उघडलं, पण त्याच्या नावात 'मासान' असावं की नाही यावरही रणकंदन झालं.

उलट कोरियातल्याच छाँगजू शहराचं बघा. शेजारच्या छाँगवॉन तालुक्याशी एकत्र येण्याचे आधीचे प्रयत्न एकामागून एक फसले. २०१२ मध्ये तालुक्यात मतदान होऊन कौल मिळाला आणि २०१४ मध्ये विलीनीकरण झालं. वेळ लागला, पण 'आम्हाला विचारलं नाही' असं म्हणायची सोय उरली नाही.

चांगवॉनच्या बाजूने एक मुद्दा नक्की होता: दहा लाखांवर लोकसंख्या. त्या जोरावर २०२२ मध्ये सुवॉन, गोयांग आणि योंगिन यांच्यासोबत त्याला 'विशेष शहरा'चा दर्जाही मिळाला. आता शहरातल्या कोरियन नागरिकांचा आकडा दहा लाखांच्या खाली घसरलाय. तरुण मंडळी सोलकडे जातायत, आणि मासानची जुनी बाजारपेठ ओस पडत चाललीय.