टॉवर हटवला की फोन जास्त ओरडतो

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: गच्चीवरच्या मोबाइल टॉवरमधून एक्स-रेसारखे किरण निघतात, जागतिक आरोग्य संघटनेनेच ते कॅन्सरकारक ठरवलेत, २०२१ची दुसरी लाट म्हणजे फाइव्ह-जीची चाचणी, म्हणून टॉवर हटवा, मुलांना वाचवा.

एक्स-रेचं आधी उरकू. एक्स-रे रेणूंचे बंध तोडू शकतो. मोबाइलच्या लहरींची वारंवारता साध्या उजेडाच्याही लाखाहून जास्त पटींनी कमी आहे, त्यांच्यात तो जोर नाही. पुरेशी तीव्रता असेल तर त्या शरीर तापवतात, आणि मर्यादा त्यासाठीच आहेत. भारताने २०१२मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा ठरवला.

‘कॅन्सरकारक’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो चालतो. २०११मध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘२बी’ गटात टाकल्या. म्हणजे शक्यता आहे, पुरावा तोकडा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्याच गटात आहे. शिवाय तो तोकडा पुरावाही कानाला फोन लावणाऱ्यांबद्दलचा होता, टॉवरशेजारी राहणाऱ्यांबद्दलचा नव्हे. पुढे संघटनेनेच करवून घेतलेल्या, ६३ अभ्यासांच्या २०२४च्या आढाव्यात फोन आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.

दुसरी लाट? अमरावतीत रुग्ण फेब्रुवारीतच वाढू लागले होते. देशात कुठेही फाइव्ह-जीची चाचणी सुरू झालेली नाही, हा दूरसंचार विभागाचा खुलासा १० मे २०२१चा. विषय संपला.

आता ‘टॉवर हटवा’. अँटेनाचा झोत बॅटरीसारखा समोर, किंचित खाली झुकलेला असतो. थेट खालच्या मजल्यावर त्यातलं फारच कमी पोचतं. अंतर वाढलं की तीव्रता झपाट्याने घटते. फोन मात्र कानालाच चिकटलेला, आणि रेंज कमी झाली की टॉवरपर्यंत पोचायला तो आपली शक्ती वाढवतो. जवळचा टॉवर घालवून डोक्याजवळच्या लहरी कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे तपासलं असतं तर बरं झालं असतं.

समोरच्या इमारतीतल्या, अँटेनाच्या बरोबर उंचीवर राहणाऱ्यांची शंका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्यासाठी ‘तरंग संचार’ हे सरकारी पोर्टल २०१७पासून आहे. परिसरातला टॉवर नियमात बसतो का ते तिथे पाहता येतं, आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागता येते.