कूलर बैठकीत आणि गरोदर सून गॅसपाशी

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. घरोघरी कूलर असतो, पण समोरच्या खोलीच्या खिडकीत. स्वयंपाकघरात तो लावता येत नाही, वाऱ्याने गॅस विझतो. म्हणजे घरातली सगळ्यात तापलेली जागा स्वयंपाक करणारीच्या वाट्याला येते, मग तिला सातवा असो की आठवा.

धाकट्या जावेला सध्या सातवा लागलाय, म्हणून हे लिहितेय. माझ्या आठव्या महिन्यात भर दुपारी पोळ्या लाटताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ओटा धरून खाली बसले. पोट राहून राहून दगडासारखं घट्ट होत होतं. दवाखान्यात कळलं, अंगातलं पाणी कमी झालंय. सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून मीच पाणी कमी प्यायचे. ती भीती मी अजून विसरलेले नाही.

गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदयावर कामाचा ताण येतो, आणि बाळाच्या अंगची उष्णताही आईच्याच अंगातून बाहेर पडते. "आम्ही नाही का केलं उन्हाळ्यात?" असं तिला कृपा करून ऐकवू नका. तिला खरंच जास्त उकडत असतं.

आमच्याकडे आता पोळ्या सकाळी आठच्या आत होतात आणि दिर लाटतात. दुपारी गॅस पेटत नाही. कुरड्यांच्या वाळवणाला जावेला गच्चीवर जाऊ देत नाही. तिचा पलंग कूलरसमोर घेतलाय. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. वीज गेली तर मानेवर, हातापायांवर ओला सुती पंचा फिरवायचा.

माठातल्या पाण्याने बाळाला सर्दी होत नाही, तेव्हा तिला पोटभर पाणी पिऊ द्या. ताक, पन्हं, लिंबू सरबतही द्या, फक्त बीपी किंवा साखर असेल तर मीठ-गुळाचं डॉक्टरांना विचारून. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस मात्र नको म्हणजे नको. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतते.

डोहाळजेवण दुपारी बाराला, भरजरी शालू नेसवून करायचं ठरत होतं. मी सासूबाईंशी बोलले. आता ते संध्याकाळी सातला आहे, आणि जाऊ सुती साडी नेसणार आहे.

बाळाची हालचाल कमी वाटली, पोट वारंवार घट्ट होऊ लागलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, चेहरा सुजला, पाणी किंवा रक्त गेलं, तर ऊन उतरायची वाट पाहू नका. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी मोफत येते. हा नंबर आमच्या फ्रिजवर लिहून ठेवलाय.