बिल्बोची दया, फुटलेले कपाट आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार.

कल्पनारम्य मालिकांच्या पहिल्या भागातील किरकोळ प्रसंग शेवटच्या भागापर्यंत कसे पुरतात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतलात, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, लेखकाने आधी काहीच योजलेले नसते. पुढे अडले की तो मागचा एखादा धागा ओढतो आणि माझ्यासारखे भाबडे वाचक त्याला दूरदृष्टी म्हणतात. शिवाय दादरला सकाळची जलद लोकल चुकली म्हणून कोणाचे राज्य बुडत नाही, तेव्हा असली कार्यकारणाची साखळी मुळातच खोटी, असेही आपण लिहिले आहे.

पहिला मुद्दा वस्तुस्थिती म्हणून मला मान्य आहे. किंबहुना त्याचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देतो. टोल्कीन यांचे ‘द हॉबिट’ १९३७ साली निघाले तेव्हा त्याचा नायक बिल्बोला बोगद्यात सापडलेली अंगठी ही अदृश्य होण्याची एक सोय, एवढीच होती. त्या आवृत्तीतला गॉलम, म्हणजे भूगर्भात राहणारा अंगठीचा आधीचा धनी, कोड्यांची पैज हरल्यावर अंगठी देऊ करतो, ती सापडत नाही म्हणून चक्क क्षमा मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या कथेत अंगठी सर्वनाशी ठरली आणि असा दिलदार गॉलम तिथे बसेना. म्हणून टोल्कीन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि ते १९५१ च्या आवृत्तीत आले. आता बिल्बो अदृश्य होऊन, तलवार उपसून गॉलमच्या मागे उभा आहे, आणि ऐन वेळी त्याला त्या एकाकी जिवाची कणव येते. वार न करता तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून पसार होतो.

म्हणजे बीज मागाहून पेरले गेले. पण टोल्कीन यांनी जुनी हकीकत गुपचूप पुसली नाही. १९५४ साली आलेल्या त्या कथेच्या पहिल्या भागाच्या, ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’च्या, पूर्वपीठिकेत ते सांगतात की, ती बिल्बोने सोबत्यांना मारलेली थाप होती, आणि एरवी सरळमार्गी असणाऱ्या बिल्बोने थाप का मारावी, हाच प्रश्न जादूगार गँडाल्फला खटकत राहतो. आपण याला ठिगळ म्हणाल, मी हिशेब चुकता करणे म्हणेन. लेखकाने कधी काय ठरवले हा त्याच्या टेबलावरचा प्रश्न आहे. मागे घडलेले पुढे बांधील धरले की सोयीने विसरले, एवढेच वाचकाने पाहावे.

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांतून मालिका जमवणाऱ्याला भाग क्रमाने मिळत नाहीत, त्यामुळे मी हॅरी पॉटरचा सहावा भाग दुसऱ्याच्या आधी वाचला. तोटा झाला, पण एक परीक्षाही झाली. दुसऱ्या भागात हॅरीला शाळेचा रखवालदार फिल्च याच्या शिक्षेतून सोडवावे म्हणून निक या भुताच्या सांगण्यावरून पीव्ह्ज हे खोडकर भूत वरच्या मजल्यावर एक जादूचे कपाट आदळून फोडते. प्रसंग निव्वळ गंमतीचा. पाचव्या भागात हॅरीच्या मित्राचे जुळे भाऊ माँटेग्यू या विद्यार्थ्याला त्याच कपाटात कोंबतात, तो हे कपाट आणि शाळेबाहेरच्या दुकानातले त्याचे जोडकपाट यांच्या मधल्यामध्ये अडकतो आणि सुटल्यावर त्याने सांगितलेल्या हकिकतीवरून हॅरीचा शत्रू मॅल्फॉय याला सहाव्या भागात शाळेत शिरण्याची चोरवाट उमगते. शेवटाकडून वाचत आलो तरी एकही सांधा निसटला नाही. उलट पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणात हॅग्रिडने केलेला, पुढे महत्त्वाचा ठरणाऱ्या सिरियस ब्लॅकच्या मोटरसायकलचा उल्लेख मी परिणामांत धरत नाही. ती पुढची नुसती खूण आहे.

राहिली लोकल. एक गाडी चुकली की आपण पुढची पकडतो आणि विषय मिटतो. बिल्बोने मात्र गॉलमला जिवंत सोडल्यावर तो निर्णय प्रत्येकाला आपापल्या पाळीने नव्याने घ्यावा लागतो. गॉलमला मारायला हवे होते असे आधी म्हणणारा फ्रोडो, म्हणजे अंगठी नष्ट करायला निघालेला बिल्बोचा वारस, त्याला समोर पाहिल्यावर सोडतो, आणि मनापासून तिटकारा असलेला फ्रोडोचा सोबती सॅमसुद्धा, जिथे अंगठी नष्ट करायची त्या ज्वालामुखी डोंगराच्या उतारावर उगारलेला हात आवरतो. अखेर फ्रोडो अंगठी टाकण्यास नकार देतो आणि ती गॉलमसकट आगीत जाते. एवढे मोठे ओझे एकाच क्षणावर कसे टाकता येईल, असे आपण विचारले आहे. ते एका क्षणावर नाहीच. मधल्या कोणीही त्याला संपवले असते, तर बिल्बोची दया तिथेच वाया गेली असती.